गायक-वादकांशी गप्पा झाल्यावर : श्रोत्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या संगीत मंडळात मैफलींच्या जोडीला गायक-वादकांशी गप्पांचा कार्यक्रम होतो. शेवटी श्रोत्यांच्या चिठ्ठ्या गोळा करतो. पण कलाकाराला गाडी गाठायची असते, हॉलवाला दिवे मालवायला लागतो आणि चिठ्ठ्या पिशवीत राहून जातात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न त्यांतून निवडून इथे घेतले आहेत. उत्तरं कलाकारांची नाहीत, चिठ्ठ्या वाचणाऱ्याची आहेत.

मला सूर-तालातलं काही कळत नाही. अशा गप्पा ऐकून उपयोग आहे का?

आहे, आणि तुम्हालाच जास्त आहे. जाणकार मंडळींच्या चिठ्ठीत पुष्कळदा प्रश्न एका ओळीचा असतो आणि उरलेल्या कागदावर त्यांनी कोणाकोणाला समोर बसून ऐकलं याची यादी. अशा प्रश्नाला कलाकार हसून मान डोलावतो आणि पुढे जातो. उलट ‘गाताना तुम्ही कानावर हात का ठेवता?’ असं कोणी विचारलं की तो लगेच हात ठेवून दाखवतो. मग बोलणं निघतं स्वतःचाच आवाज स्वतःला कसा ऐकू येतो यावर, मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) नीट नसला की सूर कसा चढतो यावर, तानपुरे डाव्या-उजव्या अंगाला का बसवतात यावर. एरवी शास्त्राच्या पुस्तकात हे सापडत नाही.

आधी मुलाखत ऐकावी की आधी गाणं?

गाणं. निदान एक राग, अर्धा तास. कलाकाराने ‘इथे मी मुद्दाम पंचम (प) टाळतो’ म्हटलं आणि तुम्ही ते गाणं ऐकलेलंच नसेल, तर ते वाक्य हवेत विरून जातं. गाणं, मग बोलणं, मग तेच गाणं पुन्हा, हा क्रम सगळ्यात फळतो. दुसऱ्यांदा ऐकताना पंचम खरोखर टाळलाय का, ते तपासता येतं. कधीकधी टाळलेला नसतो. त्यातही मजा आहे.

‘सा लावायला आयुष्य जातं’ असं सगळेच म्हणतात. ही नम्रता आहे की खरंच तसं असतं?

थोडी बोलण्याची सवय, बरंचसं खरं. हे समजायला गायकापेक्षा तानपुऱ्याकडे कान द्या.

चार तारा: पहिली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमाला, मधल्या दोन मध्य षड्जाला, म्हणजे मधल्या ‘सा’ला (ही जोडी), शेवटची खर्जाच्या, म्हणजे खालच्या षड्जाला. रागात पंचम नसेल तर पहिली तार मध्यमाला (म) किंवा निषादाला (नी) लावतात. खुंट्यांनी तार ढोबळ जुळते, बारीक काम मण्यांनी होतं. तरीही तानपुरा ‘बोलत’ नाही, तोवर गायक समाधानी नसतो. कारण उरते जवारी. तार ज्या घोडीवरून जाते तिचा वरचा भाग किंचित उताराचा घासलेला असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतात. धागा केसभर मागेपुढे झाला की आवाज एकदम बंद, ठोकल्यासारखा होतो; नेमक्या जागी बसला की तार झणझणत फुलते. ती फुलली की खर्जाच्या तारेतून एक स्वर ऐकू येतो जो कोणी लावलेलाच नाही. तो गंधार (ग). त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. गायकाचा सा या सगळ्या नादात नेमका मिसळला की आवाज वेगळा ऐकूच येत नाही, तानपुराच मोठा झाल्यासारखा वाटतो. लोक ‘सा लागला’ म्हणतात ते याला.

आमच्याकडे एका गायिकेने बोलता बोलता धागा मुद्दाम सरकवून दाखवला. सभागृहात तोवर चुळबुळ चालू होती. तार बंद झाली तेव्हा कोणाला फारसं कळलं नाही, पण तिने धागा परत जागेवर आणला तसं मागच्या रांगेतूनही ‘अरे!’ असं आलं. त्या दिवशी सगळ्यात जास्त चिठ्ठ्या तानपुऱ्यावर होत्या, गाण्यावर नव्हत्या.

जमलं तर एकदा मिरजेला जाऊन या. तिथल्या शिकलगार मंडळींचा मूळ धंदा शस्त्रांना धार लावण्याचा. पुढे तेच हात तंतुवाद्यं घडवू लागले. भोपळे येतात मंगळवेढा-पंढरपूरकडून. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी काढणाऱ्या कारागिराला काही विचारलं तर तो तोंडाने फारसं सांगत नाही, घोडीवर कानस फिरवतो आणि तार छेडतो. मुलाखतीचा हाही एक प्रकार.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा, मोबाइलमधला तानपुरा यांवर कलाकार नाक का मुरडतात? स्वतः तर वापरतात.

प्रवासात, रियाजाला वापरतात. मैफलीत खरे हवेत. यात ढोंग नाही.

दोन रागांचे स्वर तेच असतील, तर ते दोन राग कसे? कलाकार ‘चलन वेगळं’ म्हणतात आणि सोडून देतात.

भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा रे ग प ध, पाचच शुद्ध स्वर. मध्यम-निषाद दोघांनाही वर्ज्य. भूपाचा वादी (सर्वांत महत्त्वाचा स्वर) गंधार, संवादी (त्याच्या खालोखालचा) धैवत (ध). देशकारात नेमकं उलटं. कागदावर इतकंच.

कानाला मात्र ते असं भेटतं. भूपात गायक खालून येतो, ‘सा रे ग’ करत गंधारावर टेकतो, ‘प ग, रे ग’ करत तिथेच घोटाळतो, खाली धैवताला शिवून पुन्हा वर येतो. रिषभाला (रे) मान आहे. देशकारात तो रिषभावरून झटकन जातो, ‘ग प ध’ करत धैवतावर जाऊन बसतो, तिथून पंचमाला उतरतो, आणि सगळा कारभार सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात चालतो. एक संध्याकाळ सरल्यानंतरचा, दुसरा सकाळचा. भूप गाणाऱ्याने धैवतावर चार क्षण जास्त रेंगाळलं की जाणकार एकमेकांकडे बघतात, ते याचसाठी.

हे पटलं की पुढचा डोस मारवा, पूरिया, सोहनी. तिघांचेही स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. मारव्यात रिषभ-धैवत बोलतात आणि सा हुकल्यासारखा, लांबलेला वाटतो. पूरियात गंधार-निषाद, आणि सगळं मंद्राकडे झुकलेलं. सोहनी तार षड्जाभोवती चमकते. प्रत्येकाची दहा-दहा मिनिटं लागोपाठ ऐका. ‘चलन’ म्हणजे काय हे विचारायची गरज उरणार नाही.

किशोरीताईंसारख्या कलाकार भाव, रस याबद्दल बोलतात तेव्हा डोक्यावरून जातं. काय धरावं?

किशोरी आमोणकर हे सगळं फार गांभीर्याने बोलत आणि लिहीत. त्यांचा सांगण्याचा गाभा असा की राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे, त्या स्वरांतून उभा राहणारा भाव आहे, आणि गायकाने त्यात शिरायला हवं. तात्त्विक भाग पहिल्या फेरीत सोडून द्या. त्यांचं भूपातलं ‘सहेला रे’ लावा आणि फक्त हे बघा की एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली जागा त्या कशी भरतात. स्वर तुटत नाही, सरकतो. मग पुन्हा त्यांचं बोलणं ऐका. अर्ध्याहून अधिक उलगडतं.

मैफलीत त्यांना लागणारी शांतता, श्रोत्यांना दिलेली तंबी, यावरच लोक जास्त बोलतात. असो.

प्रत्येक कलाकार आपलंच घराणं सगळ्यात शुद्ध असल्यासारखं बोलतो. खरं कोणाचं?

सगळ्यांचं, आपापल्या जागी. घराणं हा गाण्यात काय आधी आणि काय नंतर याचा ठराव आहे. किराणावाला स्वराच्या लगावापासून सुरू करतो, ग्वाल्हेरवाला बंदिशीपासून, जयपूरवाला लयीच्या बारीक विणीपासून. त्यामुळे ‘शुद्ध’ म्हणजे काय, हेच तिघांचं वेगळं.

पण बोलण्यात घराण्याच्या भिंती जितक्या उंच दिसतात तितक्या प्रत्यक्षात नव्हत्या. मल्लिकार्जुन मन्सूर आधी नीळकंठबुवा मिरजकरांकडे ग्वाल्हेरचं गाणं शिकले, नंतर मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडे जयपूरचं. ज्यांच्या नावाने जयपूर-अत्रौली गायकी ओळखली जाते त्या अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अतिगाण्याने बसला, आणि बदललेल्या आवाजाला सोसेल अशी गायकी त्यांनी घडवली, असं परंपरेत सांगतात. म्हणजे आज ज्याला अटळ नियम म्हणतात त्याच्या मुळाशी एका माणसाची अडचण आणि तिच्यावर त्याने काढलेली तोड होती. अल्लादियाखाँ कोल्हापूरला शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले, अब्दुल करीमखाँ मिरजेला स्थायिक झाले, आणि केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई गोव्याहून येऊन जयपूरची तालीम घेऊन मोठ्या झाल्या. मराठी श्रोत्याला घराण्यांचा इतका सोस का, याचं उत्तर या नकाशात आहे.

आणि कुमार गंधर्व तर घराणं मानायलाच तयार नव्हते. त्यांच्यावर चिठ्ठी येते ती ठरलेली: ‘तुटक तुटक गाणं ही त्यांची शैली की क्षयामुळे आलेली मर्यादा?’ १९४८ च्या सुमारास ते देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद होतं, पुढे एकाच फुप्फुसाच्या बळावर गायले, हे सगळं खरं. पण देवासच्या अंथरुणावर त्यांच्या कानावर माळव्याची लोकगीतं पडत होती, तेही खरंच. श्वास आखूड झाला म्हणून सुरावट आखूड झाली असेल. ती इतकी टोकदार का झाली, हे आजाराने सांगता येत नाही.

गुरूच्या घरी पाणी भरलं, पळून गेलो, मार खाल्ला. या गोष्टी ऐकायला आवडतात, पण खऱ्या असतात का?

मूळ खरं असतं, सांगून सांगून पीळ चढतो. भीमसेन जोशी १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी गदगच्या घरातून गाण्यासाठी निघून गेले, ग्वाल्हेर, जालंधर असं भटकून परतले आणि मग कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहिले, हे सर्वश्रुत आहे. आमच्या श्रोत्यांना यातलं रेल्वेने विनातिकीट जाणं आणि गुरूघरचं पाणी भरणं पाठ असतं.

माझ्या मते याच गोष्टीतला सगळ्यात मोलाचा तपशील निसटतो. सवाई गंधर्वांनी त्यांना वर्षानुवर्षं तोडी, मुलतानी आणि पूरिया हे तीनच राग घोटवून दिले, असं सांगतात. आता तोडी आणि मुलतानी यांचे स्वर सारखेच आहेत: रिषभ, गंधार, धैवत कोमल, मध्यम तीव्र. एक सकाळचा, एक दुपारचा. मुलतानीत चढताना रिषभ-धैवत गाळतात, तोडीत त्यांनाच वजन. म्हणजे शिष्याला राग मोजून न देता, एकाच साहित्यातून दोन वेगळी घरं बांधायला लावली. घागरी किती भरल्या याहून हे जास्त विचारण्यासारखं नाही का?

रियाज किती तास करता?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि प्रत्येक वेळी उत्तर निरुपयोगी असतं. तासांऐवजी ‘आज सकाळी कशाचा रियाज केलात?’ असं विचारा. खर्ज साधना (खालच्या स्वरांचा सराव), पलटे (स्वरांच्या ठरावीक रचना), एखादी न बसणारी तान, काहीतरी हातात येतं.

बंदिशीचे शब्द कळत नाहीत. कलाकार शब्द खातात का?

काही खातात. मान्य करायला हरकत नाही. पण निम्मी अडचण भाषेची आहे. बहुतेक ख्याल ब्रज किंवा तिच्या जवळपासच्या बोलीत आहेत. शिवाय बंदिशी तोंडोतोंडी आल्या, त्यामुळे एकाच चिजेचे तीन घराण्यांत तीन पाठ. अंतऱ्यात ‘सदारंग’ ऐकू आलं तर तो रंग नव्हे, रचनाकाराची मुद्रा: मुहम्मदशाह रंगीलेच्या दरबारातले न्यामतखाँ. एवढं कळलं तरी अंतरा वेगळा ऐकू येतो. पुढच्या वेळी कलाकाराला गाण्याआधी बंदिश नुसती वाचून दाखवायला सांगा. कोणी नाही म्हणत नाही.

प्रश्न विचारायला भीती वाटते. कसा विचारावा?

ऐकलेल्या जागेपासून सुरुवात करा. ‘मघाशी द्रुत (जलद लय) सुरू करण्याआधी तुम्ही तबलजींकडे बघितलंत, काय सांगितलंत?’ हा उत्तम प्रश्न. ‘शास्त्रीय संगीताचं भवितव्य काय?’ हा वाईट. त्याला सगळे तेच उत्तर देतात आणि तेवढ्यात चहा गार होतो. तुलना करायला लावू नका. ‘अमुक बुवा श्रेष्ठ की तमुक?’ या चिठ्ठ्या आम्ही वाचतच नाही.

आणि चिठ्ठीत ‘एकच प्रश्न’ लिहून खाली अ, ब, क, ड करू नका, ही हात जोडून विनंती.

कलाकाराने उत्तर टाळलं. राग आला असेल का?

बहुधा नाही. या क्षेत्रात न सांगण्याचीही परंपरा आहे. विद्या हीच पोटापाण्याची ठेव होती. खास बंदिशी, अनवट राग घराबाहेर जाऊ देत नसत. संगीतशास्त्री भातखंडे १९०४ पासून देशभर फिरले, गवयांना, उस्तादांना गाठून प्रश्न विचारत राहिले, तेव्हा त्यांनाही हेच भोगावं लागलं. कोणी बोललं, कोणी उडवून लावलं. तरी त्यांनी शेकडो चिजा जमवून क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या आणि गवय्यांचा रोष पत्करला. गंमत म्हणजे त्यांची मोठी मराठी ग्रंथमाला, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’, गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपातच आहे. शिष्य शंका विचारतो, गुरू सांगतो, शिष्य पुन्हा अडवतो. तेव्हा तुमच्या चिठ्ठीला कमी लेखू नका.

काही वेळा कारण साधं असतं: त्यांना ते शब्दांत मांडता येत नाही. गळ्याने देतील. ‘गाऊन दाखवाल का?’ म्हणा. मात्र कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच नको, गळा तापलेला नसतो.

पेटीबद्दल काही कलाकार वाईट बोलतात, मग साथीला घेतात का?

हा वाद शंभर वर्षांचा आहे. आक्षेप दोन. पेटीचे स्वर ठरावीक बारा पट्ट्यांत अडकलेले आणि समान अंतराने बांधलेले. तानपुऱ्यातून येणारा गंधार आणि पेटीचा गंधार किंचित वेगळे. दुसरं, पेटीवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) निघत नाही. दरबारीतला आंदोलित (झुलता) गंधार पट्टी दाबून कसा काढणार? आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी घातली, ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. त्या काळात रेडिओवर सारंगीच.

महाराष्ट्र मात्र पेटीच्या बाजूने उभा राहिला. नाटक कंपन्यांत ऑर्गन होता, आणि गोविंदराव टेंबे यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली. पुढे आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी साथ म्हणजे काय ते दाखवलं. चांगला पेटीवाला आंदोलित गंधार वाजवायला जातच नाही. त्या क्षणी भाता हलका करतो, आजूबाजूचा स्वर धरून ठेवतो, गायकाला वाट देतो. पेटीला शिव्या घालणारे गायक याच माणसाला तारीख विचारून मग स्वतःची तारीख देतात.

साथीदारांच्या मुलाखती का घेत नाही?

घेतो, लोक येत नाहीत. दुःख आहे. विलंबित (संथ) एकतालात मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. एवढ्या वेळात गायक कुठेही भटकतो. तबलजी ती लय हलू न देता, जागा न भरता, तरी जिवंत ठेवतो. याबद्दल एखादा तबलजी बोलायला लागला की गायकाच्या मुलाखतीपेक्षा जास्त शिकायला मिळतं. एकाने सांगितलं होतं, ‘सम (आवर्तनाची पहिली मात्रा) दाखवायची नसते, ती गायकाला सापडू द्यायची असते.’ या वाक्यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे.

दाद कधी द्यावी? टाळ्या वाजवल्या तर चालतं का?

तान संपवून समेवर आल्यावर ‘वा’ तोंडातून निघालं तर निघू द्या. मुद्दाम काढू नका. आलापीत एखादा स्वर लागल्यावर टाळ्या नकोत, त्या स्वराच्या आसेवर (रेंगाळणाऱ्या नादावर) पडतात. बहुतेक कलाकार सांगतात की त्यांना पहिल्या दोन रांगांतल्या माना दिसतात आणि तेवढं पुरतं. मोबाइलचा उजेडही दिसतो, तेही सांगतात.

‘हा राग याच वेळी’ यावर कलाकारांचं एकमत का नाही?

काहींना तो रागाच्या स्वभावाचा भाग वाटतो, काहींना निव्वळ संकेत. प्रभाताई अत्रे यांनी तर समयाचं बंधन आज कालबाह्य झालं आहे, अशी भूमिका उघडपणे घेतली होती. संकेताच्या बाजूने मला एवढंच म्हणायचं आहे की पिढ्यान्‌पिढ्या सकाळी ऐकलेली तोडी सकाळचीच वाटणार. ती सवय खोटी नाही.

व्यवहाराने मात्र हा वाद परस्पर निकाली काढला. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भरतो. पूर्वी तो रात्रभर चाले आणि पहाटेचे राग पहाटेच कानी पडत. ध्वनिवर्धकावर रात्री दहाची मर्यादा आल्यावर ते गेलं. आता दरबारी, अडाणा, मालकंस यांना संध्याकाळी लवकर उरकावं लागतं, आणि ललत-भटियार ऐकायचे तर दिवाळी पहाटेची वाट बघायची. तरुण श्रोते विचारतात, ‘ललत इतका क्वचित का गातात?’ गात नाहीत असं नाही. सभागृह संध्याकाळी सहाचं मिळतं.

जुन्या कलाकारांनी बोलून काहीच ठेवलं नाही. त्यांच्याबद्दल कसं कळणार?

थोडं तरी आहे. बी. आर. देवधरांनी थोर गवयांना भेटून, त्यांच्याशी बोलून जे लिहून ठेवलं ते आजही ताजं वाटतं. कुमार गंधर्वांचे गुरू तेच. पुण्यात ‘गानवर्धन’ची मुक्त संगीत चर्चासत्रं झाली, सवाई महोत्सवात ‘अंतरंग’मध्ये कलाकारांच्या मुलाखती आणि ‘षड्ज’मध्ये त्यांच्यावरचे लघुपट असतात. आकाशवाणीच्या संग्रहातही पुष्कळ आहे.

त्याआधीच्या काळातला आवाज म्हणजे तबकडीवरची तीन-साडेतीन मिनिटं. १९०२ मध्ये गौहरजानने ध्वनिमुद्रण केलं तेव्हा शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारते. तबकड्या परदेशात छापल्या जात, तिथल्या लोकांना गाणारीचं नाव कळावं म्हणून ही तजवीज, असं सांगितलं जातं. तिचं बोलणं म्हणून आपल्या वाट्याला आलं ते जवळजवळ एवढंच. केसरबाईंनीही मोजकंच ध्वनिमुद्रण होऊ दिलं. त्यांची भैरवी ‘जात कहाँ हो’ १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, आणि इथे मात्र त्यांच्या दोन तासांच्या मैफलीची कल्पना आपण त्या तुकड्यावरून करतो.

बोलणं नसलं तरी एका कलाकाराने दुसऱ्याला कसं ऐकलं, यावरूनही कळतं. कुमार गंधर्वांचा ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम घ्या. बालगंधर्वांच्या नाट्यपदांची ती नक्कल नाही, एका श्रोत्याने दिलेला जबाब आहे, फक्त तो श्रोता कुमार गंधर्व होता.

कलाकाराने चुकीची माहिती सांगितली तर बोलावं का?

स्वराबद्दल बोलत असतील तर आपण ऐकावं. इतिहासाबद्दल बोलत असतील तर ताडून पाहावं. सतार आणि तबला अमीर खुस्रोने शोधला, हे व्यासपीठावरून हमखास सांगितलं जातं. तेराव्या-चौदाव्या शतकातला त्याला कोणताही पुरावा नाही, आणि सतारीचा संबंध अठराव्या शतकातल्या खुस्रोखाँशी असल्याचं अभ्यासक मांडतात. कार्यक्रमात उठून खोडून काढू नका. नंतर चहाच्या टेबलाशी सांगा. बरेच जण वहीत टिपून घेतात.

मुलाखतीतलं एखादं मत पटलं नाही, आणि आता त्यांचं गाणंही नकोसं झालंय.

थोडे दिवस ऐकू नका. मग नाव न बघता कुठे लागलं तर ऐका.

मुलाखत मोबाइलवर रेकॉर्ड करू का?

कलाकाराला विचारून. बोलणं असेल तर बहुतेक हो म्हणतात. गाऊन दाखवलेला भाग मात्र पुढे पाठवू नका. न तापलेल्या गळ्याने, पेटीशिवाय, समजावण्यासाठी तोडून गायलेली बंदिश लोक ‘बघा कसं गातात’ म्हणून फिरवतात.

पुढच्या कार्यक्रमासाठी प्रश्न आधी देता येईल का?

येईल. मध्यंतरापर्यंत दाराशी ठेवलेल्या डब्यात टाका. मोठ्या अक्षरात, एका बाजूला, एकच प्रश्न. नाव लिहिलं नाही तरी चालेल. आपण कोणकोणाला ऐकलं ते लिहू नका.